मोडीचा पाचवा महिना: तबाभळी नावाचं गाव

सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेच्या सुमारास, म्हणजे जानेवारीत, मोडीची (जुन्या मराठी कागदांतली जोडून लिहायची लिपी) मुळाक्षरं गिरवायला घेतली होती, आता मे संपत आलाय. दुपारी लिहायला बसणं अशक्य झालंय. पंखा लावला की कागद उडतात आणि बंद केला की घामानं शाई फुटते. त्यामुळं सध्या पहाटे साडेपाच ते साडेसहा, रोज दहा ओळी.

लिहिण्याचं आधी सांगते. बालबोधात, म्हणजे नेहमीच्या देवनागरीत, आपण शब्द लिहून झाल्यावर वर रेघ मारतो. मोडीत आधी पानभर रेघा ओढायच्या आणि मग अक्षरं त्यांना लटकवायची. हे ऐकायला सोपं वाटतं, पण हाताला पटायला मला सहा आठवडे लागले. काना तर अजूनही छळतो. अक्षर जिथं संपतं तिथूनच हात न उचलता वर चढवायचा, आणि माझा हात सवयीनं उचलला जातोच. टाकानं (शाईत बुडवायच्या निबच्या लेखणीनं) लिहिलं की फरक पडतो, म्हणून नवी पेठेत निब शोधत फिरले. एका दुकानदारानं बराच वेळ माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाला, "मॅडम, जेल पेन न्या की, कशाला तरास." शेवटी बोरूच, म्हणजे वेताची लेखणी, तासला. तिरका छेद चौथ्या खेपेला जमला.

एक चूक कबूल करते, म्हणजे नव्या मंडळींचे दोन महिने वाचतील. 2014 पासून मोडी युनिकोडमध्ये आहे, फॉन्टही मिळतात. मी त्यावरून छान कार्डं छापली, सगळी पाठ केली आणि खरा कागद समोर आल्यावर त्यातलं एक अक्षर ओळखेना. फॉन्टातलं अक्षर सुटं आणि शहाण्यासारखं बसलेलं असतं. कारकुनाचं अक्षर शेजाऱ्याच्या गळ्यात हात टाकून पळत असतं. कार्डं आता माळ्यावर आहेत.

आता मुख्य गोष्ट. मराठा आरक्षणासाठी जुन्या कागदांतल्या, त्यात मोडीतल्याही, कुणबी नोंदी शोधायला 2023 मध्ये शिंदे समिती नेमली गेली, तेव्हापासून मोडी येणाऱ्या माणसाला आमच्याकडं एकदम भाव आलाय. माझ्या सासूबाईंनी कुठल्याशा लग्नात "आमची सून मोडी वाचती" असं सांगून टाकलं. आठच दिवसांत मंद्रूपकडचे एक काका पिशवीत खरेदीखत घेऊन दारात. चौदा ओळी, वरचा कोपरा उंदरानं खाल्लेला. मी चहा दिला, चष्मा पुसला, पहिली ओळ पाहिली आणि घाम फुटला. काही म्हणजे काही लागेना. "ठेवून जा काका, बघते," म्हणाले. काका हसले. त्यांना कळलं असणार.

तीन रविवार गेले. शब्दांमध्ये जागा नाही, ऱ्हस्व-दीर्घ नाही, विरामचिन्हं नाहीत. एका ओळीत 'लगतबाभळीची' असं लागलं, आणि मी दक्षिण सोलापूर तालुक्यात तबाभळी नावाचं गाव शोधत बसले. ओढ्यालगत बाभळीची झाडं होती, एवढंच! दुसरा गोंधळ '॥' चा. रकमेत दोन उभे दंड म्हणजे अर्धा रुपया, आठ आणे. पण तेच दंड शब्द तोडल्याची खूण म्हणूनही येतात, 'ता॥' म्हणजे तालुका. मी तालुक्यात आठ आणे मिळवून जमिनीची किंमत वाढवून ठेवली होती.

वाट सापडली ती अक्षरांमुळं नाही, खताच्या साच्यामुळं. खरेदीखतात चतुःसीमा, म्हणजे जमिनीच्या चारी बाजूंच्या हद्दी, येणारच, आणि पूर्वेस, दक्षिणेस, पश्चिमेस, उत्तरेस याच क्रमानं येणार. म्हणून अक्षरं लावणं सोडलं आणि 'एस' नं संपणाऱ्या चार जागा हुडकल्या. चार खुंट्या ठोकल्यावर मधला मजकूर आपोआप ताणला गेला. वर्षाचंही तसंच. शके 1712 की 1792, कारण लिहिणाऱ्याचा एक आणि नऊ जुळे भाऊ. पण पुढं संवत्सराचं, म्हणजे साठ वर्षांनी फिरून येणारं वर्षाचं, नाव होतं: प्रमोद. 1712 असतं तर 'साधारण' नावाचं संवत्सर आलं असतं. प्रमोद 1792 ला येतं, म्हणजे इसवी सन 1870 साल. साठ नावांची ती यादी लहानपणी आजोबांनी पाठ करून घेतली होती आणि मी कंटाळून अर्धी विसरले होते. आता पुन्हा पाठ करतेय.

मधे एका रविवारी हत्तरसंग कुडलला जाऊन आले. भीमा-सीनेच्या संगमावर, संगमेश्वराच्या देवळात शके 940 चा मराठी लेख आहे, आनंद कुंभारांनी उजेडात आणलेला. लिपी मोडी नाही, नागरी. पण शेवटी जो वाचील तो विजयी होईल अशा अर्थाची ओळ आहे, आणि चौदा ओळींनी हरवलेल्या माणसाला ती जरा झोंबलीच.

खताचा निकाल: साडेतेरा ओळी लागल्या. अडलं होतं ते 'उत्तरेस' च्या पुढं. मला 'प', मग एक फराटा, मग 'दण' दिसत होतं. पदण म्हणजे काय? मी ते मोठं करून कागदावर काढलं आणि फ्रिजवर चिकटवलं. सासूबाई ज्वारी निवडत होत्या. त्यांना मोडीचा 'म' सुद्धा येत नाही. म्हणाल्या, "शेताच्या कडंला काय असतंय गं? पांदण असंल की."

पांदण, शेतांमधली वाट! फराटा म्हणजे तोच तो हात न उचलता चढवलेला काना. अनुस्वार लिहिणाऱ्यानं गाळलाय.

पुढच्या महिन्यात सुहूर सनाचे (जुन्या मराठी कागदांत येणारी एक कालगणना) अरबी आकडे घेतेय: इहिदे, इसन्ने, सलास, अर्बा, खमस. इथपर्यंत आलेय. काका परवा खत घ्यायला आले, आणि मेहुण्याचे तीन कागद ठेवून गेले.