चार एकोणतीस, चार एक्केचाळीस, चार अठ्ठावन्न

एप्रिलचा महिना, मोहफुलं वेचायचा सीझन. नागभीडच्या बाजूचं एक गाव, नाव मुद्दाम लिहीत नाही, तिथल्या बायकांना उगाच कोणी जाऊन छळायला नको. मी तिथे कॅमेरा ट्रॅपचं, म्हणजे समोरून काही गेलं की आपोआप फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्यांचं काम करत होते. नातेवाइकांना वाटतं मी जिप्सीत बसून ताडोबात वाघ बघते. ताडोबा राहिलं तिकडे, ब्रह्मपुरीकडे जंगल म्हणजे धानाची बांधी, मग मामा तलाव (जुना मालगुजारी तलाव), मग साग-बांबूचा एक तुकडा, परत बांधी, परत गाव. आणि यात वाघ राहतात, येऊन-जाऊन नाही, पिल्लं वाढवतात.

कामाचं ग्लॅमर म्हणाल तर निम्मा वेळ कॅमेऱ्यासमोरचं गवत कापण्यात जातो. सेन्सरला वाघ वगैरे काही समजत नाही, हवेपेक्षा वेगळ्या तापमानाचं काहीतरी हललं एवढंच समजतं. चंद्रपूर जिल्ह्यातल्या एप्रिलच्या दुपारी हवाच अंगाएवढी तापते, मग समोरून म्हैस गेली तरी कॅमेरा ढिम्म, आणि उन्हात तापलेलं एक पातं डुललं की कार्डावर हजार फोटो, सगळे त्या पात्याचे. वाघ ओळखायचा पट्ट्यांवरून, आणि ते डाव्या-उजव्या अंगावर वेगळे असतात म्हणून वाटेच्या दोन्ही बाजूंना गुडघ्याएवढ्या उंचीवर एकेक कॅमेरा, झाडाला साखळी, कुलूप. आणि घड्याळ! मागच्या सीझनला आमच्या टीममधल्या एका हुशार मुलाने बॅटरी बदलताना एएमचं पीएम केलं, तर वाघीण भर दुपारी एक वाजता मिट्ट काळोखातून चालतेय. साहेबांनी ते ग्राफमध्येही घातलं होतं, फोटो उघडून बघायचे कष्ट कोण घेणार.

तर त्या दिवशी तलावाकडच्या वाटेवरचं कार्ड लॅपटॉपला लावलं. पहाटेचे ४:२९, वाघीण. ही आमची ओळखीची, हिला दोन पिल्लं. ४:४१, तीन बायका, टोपल्या, एकीच्या हातात टॉर्च. ४:५८, परत तीच वाघीण.

पहिल्यांदा मला घड्याळाचीच शंका आली. समोरच्या कॅमेऱ्याचं कार्ड काढून पडताळलं, मिनिटाचाही फरक नाही. मग दिशा बघितली. ४:२९ ला ती तलावाकडून गावाकडे चाललीय. बायका गावाकडून तलावाकडे. आणि ४:५८ ला वाघीणही तलावाकडे, म्हणजे बायका गेल्या त्याच वाटेने, त्यांच्या मागे. म्हणजे मधे कुठेतरी तिने त्यांना बाजूला होऊन जाऊ दिलं असणार, कारण वाट एकच आहे आणि दोन्ही बाजूंना दाट बांबू.

मागे गेली की पिल्लांकडे परत निघाली होती? फोटोत फक्त एक शांत चालणारी वाघीण आहे. मी तो फोटो किती वेळा मोठा करून बघितला, तिचे कान कुठे आहेत वगैरे, काही हाती लागत नाही.

आमच्या फॉर्मवर मानवी हस्तक्षेपाचे रकाने असतात. १५ मीटर त्रिज्येचा गोल, त्यात तोडलेलं झाड, छाटलेल्या फांद्या, माणसांची वाट, गुरांची वाट, हो की नाही. तलावाकडच्या गोलात सगळं 'हो'. त्याच वनपरिक्षेत्रात एक टेकडी आहे, तिथे सगळं 'नाही', कागदावर बघितलं तर वाघासाठी स्वर्ग. पण पाणी मार्चमध्येच आटतं, चितळ फिरकत नाही, महिनाभराच्या कॅमेऱ्यात साळिंदर आणि एक अस्वल. पाणी, गवत, डुक्कर, चितळ आणि गावची गुरं तलावाकडे, म्हणून वाघीणही तलावाकडे.

माणसं येतात का हे फॉर्म विचारतो, किती वाजता हे विचारत नाही. बाकीचं वर्षभर त्या वाटेचे फोटो बघाल तर एखाद्या एसटी स्टँडचं वेळापत्रक वाटेल. सकाळी गुराखी, दुपारी काही नाही (सेन्सर झोपलेला, ते सोडा), संध्याकाळी पाच-साडेपाचला शेवटची मोळी, आणि मग अंधार पडल्यावर वाघीण. नेपाळमध्ये चितवनलाही हेच निघालंय, माणूस आणि वाघ वाट तीच वापरतात, वेळ वाटून घेतात. २०१८ मध्ये जगभरच्या ६२ प्रजातींचे अभ्यास एकत्र करून लिहिलेल्या पेपरातही तेच होतं, माणसाजवळ राहणारे प्राणी जास्त निशाचर होत जातात. वाचताना मला ही छान सोय वाटली होती. पण मोह रात्रभर गळतो, आणि उजाडेपर्यंत थांबलं तर खालची फुलं चितळ आणि गुरं खाऊन जातात. म्हणून ते दोन-तीन आठवडे बायकाच वाघिणीच्या वेळेत घुसतात, आणि वाकून वेचतात, म्हणजे मागून बघणाऱ्याला माणसाची उंचीच दिसत नाही.

माझे सीनियर म्हणाले माणसांचे फोटो डिलीट कर, आपला विषय नाही तो. बीटगार्ड, म्हणजे तिथला वनरक्षक, म्हणाला गावात दाखवू नका मॅडम, गावात बोंब होईल, माझ्यावर येईल. त्याचं एका अर्थी बरोबर होतं, बोंब झाली की पहिला दगड त्यालाच पडतो. तरी मी लॅपटॉप घेऊन गेले.

टॉर्चवाली मावशी साठीच्या पुढची. तिने आधी स्वतःचा फोटो नीट बघितला, मग वाघिणीचा. मी वेळा समजावल्या. ती म्हणाली, "मालूम आहे ना. वास येते तिचा. आमी बोलत जातो, मंग ते बाजूले होते."

"आणि नाही झाली तर? थोडं उजाडल्यावर जा ना."

"तवा काय उरते मॅडम? जा लागते." मग स्क्रीनकडे बोट करून, "पोरं किती हिचे?"

"दोन."

"मंग तिलेही निघा लागत असंन."

बाकीच्या हसल्या. मी पण हसले, आणि घरी येईपर्यंत स्वतःचाच राग आला. एवढंच पदरात पडलं की तिघींच्या ऐवजी सहा-सात जणी एकत्र जाऊ म्हणाल्या, आणि एकीने वेचताना दुसरीने उभं राहायचं. पाळतात का माहीत नाही.

तिथलं पुढचं कार्ड काल काढून आणलंय. टेबलावर आहे, अजून लॅपटॉपला लावलं नाही.