मान्रूला कुणी हाकललं?

जर्मनीतल्या एका ऑपेरागृहात मी स्टेज मॅनेजर आहे. पडदा, दिवे, विंगेतल्या एंट्र्या, सगळं माझ्या इशाऱ्यावर चालतं. ‘मान्रू’ची रंगीत तालीम होती, त्या दिवशी मात्र विंगेत उभ्या असलेल्या एका व्हायोलिनवादकाने मला तो ऑपेरा नव्याने दाखवला.

‘मान्रू’ हा इग्नात्सी यान पादेरेव्स्कीचा एकमेव ऑपेरा. जगभर गाजलेला हा पोलिश पियानोवादक १९१९ मध्ये पोलंडचा पंतप्रधानही झाला. ऑपेराचा पहिला प्रयोग १९०१ साली जर्मनीतल्या द्रेस्डेनला झाला. कथा पोलंड-स्लोव्हाकियाच्या सीमेवरच्या तात्रा डोंगरातली. गावातली उलाना रोमा, म्हणजे युरोपातल्या भटक्या समाजाच्या, टोळीतल्या मान्रूशी लग्न करते. तिच्यासाठी तो भटकंती सोडून लोहारकी करू लागतो. पदरात मूल आहे, घरात चणचण आहे, म्हणून उलाना आईकडे येते. आई म्हणते, त्याला सोड, मगच घरात ये. गाव तिची टर उडवतं.

दुसऱ्या अंकात उलाना अंगाई गाते, मान्रू ऐरणीवर घण घालतो, आणि लांबून टोळीतल्या यागूचं व्हायोलिन ऐकू येतं. मान्रूचं चित्त उडतं. शेवटी तो टोळीत परततो, उलाना तळ्यात जीव देते आणि तिच्यावर जीव असलेला उरोक मान्रूला ठार करतो.

ते लांबचं व्हायोलिन वाजवायला आम्ही एक पाहुणा वादक बोलावला होता. स्लोव्हाकियातला, स्वतः रोमा. पहिला अंक संपेपर्यंत तो माझ्या टेबलाशेजारी उभा होता. मी सहज म्हटलं, “तुमच्या सुरांनीच संसार मोडतो.”

तो म्हणाला, “संसार आत्ताच मोडला. आईने दार लावलं तेव्हा. मी फक्त त्याला दुसरं दार आहे एवढं सांगतो.”

मी गप्प झाले. संहितेत चंद्र आहे, रक्ताची ओढ आहे, प्रेमाचा काढा आहे. भटका तो भटकाच, असं ती पुन्हा पुन्हा सांगते. एकोणिसाव्या शतकाच्या स्वच्छंदतावादाला ही कल्पना फार प्रिय होती. पण पादेरेव्स्कीचं संगीत त्याहून मोठ्या मनाचं आहे. मान्रूची घालमेल त्याने इतक्या मायेने लिहिली आहे की रक्ताला दोष देऊन मोकळं होता येत नाही. जातीबाहेर लग्न केलेल्या मुलींना माहेर कसं तुटतं हे मी आमच्याकडे पाहिलं आहे. आणि पुढे त्या जोडप्याचं काही बिनसलं की तेच माहेर म्हणतं, आम्ही सांगितलं होतं ना!

मध्यंतरात मी हे दिग्दर्शिकेला सांगितलं. आईचं घर पहिल्या अंकानंतर हलवायचं ठरलं होतं. तिने ते मागे तसंच ठेवायला लावलं. दिव्यांचा आराखडा रात्रीतून बदलावा लागला, प्रकाशयोजनेची माणसं वैतागली. प्रयोगात अंगाई चालू असताना मागे खिडकीत उजेड होता, आईची सावली हलत होती. दहा पावलांवर आजी आणि नातू, आणि मध्ये ते लावलेलं दार. त्यानंतर मी व्हायोलिनला इशारा दिला.