क्रॉयचा उलटा चढ

स्कॉटलंडात टेकडीच्या उतरत्या अंगाला, आणि त्या अंगावरून चढणाऱ्या रस्त्यालाही, ‘ब्रे’ म्हणतात. काही ब्रे धाप लावणारे, काही नुसते नावाला. सगळ्यांत लबाड ब्रे मात्र या दुसऱ्या जातीचा. एअरशायरच्या किनाऱ्यावर, डन्यूर गावाच्या दक्षिणेला ए ७१९ रस्त्यावर तो आहे. स्थानिकांचा क्रॉय ब्रे, बाकी जगाचा ‘इलेक्ट्रिक ब्रे’. इथे न्यूट्रलमध्ये सोडलेली गाडी चढावर चढताना दिसते. टेकडीतल्या विजेची किंवा चुंबकाची ओढ असणार, असं पूर्वी लोकांना वाटलं आणि नाव पडलं ते पडलंच.

रस्त्याकडेच्या शिळेवर सगळा हिशोब कोरलेला आहे. पश्चिमेला रेल्वेपुलासमोरचं वळण समुद्रसपाटीपासून २८६ फुटांवर, पूर्वेची झाडीभरली घळ ३०३ फुटांवर. मधलं अंतर पाव मैल, चढ ८६ला १. म्हणजे घळीकडे जाताना रस्ता खरोखर चढतो, पण डोळ्यांना उतरताना दिसतो.

८६ला १ म्हणजे जेमतेम पाऊण अंशाच्या आत. पंगतीत वाढलेलं ताकसुद्धा एवढ्या उताराला वाट बघत बसेल. गाडीच्या चाकांना रस्त्यावर जो रोध होतो तोही साधारण याच मापाचा असतो, म्हणून टायरमध्ये हवा कमी असेल तर गाडी जागची हलत नाही आणि लोक ब्रेला नावं ठेवतात. हवा भरून यावं, मागेपुढे रहदारी नाही हे पाहावं, धोक्याचे दिवे लावावेत, मग न्यूट्रल करून ब्रेक हळूच सोडावा. इंजिन मात्र बंद करू नये. स्टिअरिंग जड होतं आणि ब्रेकची मदतही जाते.

खरं-खोटं करायला बहुतेकजण चेंडू सोडतात. तो भलतीकडेच, गटाराच्या बाजूला जातो. पावसाचं पाणी वाहून जावं म्हणून रस्त्याला आडवा ढाळ दिलेला असतो, आणि तो बहुधा या चढापेक्षा जास्त असतो. पाणी ओतून पाहणाऱ्यांचंही तेच होतं. फोनमधली पाणसळ पूर्ण अंशांत आकडा दाखवते, त्यामुळे कधी शून्य, कधी एक. जीपीएसच्या उंचीत काही मीटरची चूक सहज असते आणि इथे दोन टोकांतला फरकच सुमारे पाच मीटर.

उपाय गवंड्याकडे आहे. दहा मीटर पारदर्शक नळी, पाण्याने भरलेली, आत एकही बुडबुडा नको. दोन्ही टोकं रस्त्याच्या कडेपासून सारख्या अंतरावर उभी धरायची आणि पाण्याची पातळी जमिनीपासून मोजायची. दोन मापांत साडेअकरा सेंटीमीटरच्या आसपास फरक येतो, आणि कमी माप घळीकडच्या टोकाला. वाद तिथेच मिटतो.

डोळा का फसतो? पादुआ विद्यापीठाच्या पाओला ब्रेसान आणि सहकाऱ्यांनी असल्या रस्त्यांच्या छोट्या प्रतिकृती टेबलावर मांडून पाहिल्या. निष्कर्ष २००३ साली प्रसिद्ध झाले. क्षितिज दिसत नसेल किंवा चुकीच्या जागी भासत असेल, तर आसपासच्या जमिनीवरून आपण सपाटी ठरवतो. शिवाय तीव्र उताराला लागून आलेला सौम्य उतार चढासारखा दिसतो. क्रॉयलाही दोन्ही बाजूंच्या जमिनीची ठेवण अशीच दगा देणारी आहे.

लेहहून कारगिलच्या वाटेवर, सुमारे ३० किलोमीटरवरच्या ‘मॅग्नेटिक हिल’पाशी मराठी पर्यटकांची गाडी हमखास थांबते. तिथेही चुंबक नाही, हीच नजरबंदी आहे. चमत्काराच्या पाटीपेक्षा आकडे कोरलेली शिळा मला केव्हाही जास्त भावते, आणि त्याने मजा तसूभरही कमी होत नाही: ३०३ आणि २८६ वाचून मान वर केली तरी रस्ता उलटाच दिसतो.

सायकलवाल्यांना हे पायांनी कळतं. घळीकडे ‘उतरताना’ पेडल मारावं लागतं, परतीच्या ‘चढावर’ पाय सैल सोडता येतात. फक्त वारा पडलेला दिवस निवडावा. समोरून समुद्राचा वारा आला, तर १७ फुटांचा उतार त्याच्यापुढे काहीच नाही. दोन्हीकडे पेडलच मारत बसावं लागतं.