एकुरीची वाट: शार्ल सिमाँच्या मागावर आरास ते लोरेत

फ्रान्सच्या फुटबॉल चषकाला आज 'कूप द फ्रान्स' म्हणतात. सुरुवातीला तो 'कूप शार्ल सिमाँ' होता. हा शार्ल सिमाँ १५ जून १९१५ रोजी आरास शहराच्या उत्तरेला एकुरी गावी मारला गेला. त्याच्या नावाच्या चषकाची पहिली फेरी ७ ऑक्टोबर १९१७ ला सुरू झाली, तेव्हाही युद्ध चालूच होते. ४८ संघ उतरले आणि ५ मे १९१८ च्या अंतिम सामन्यात 'ऑलिम्पिक द पाँतँ' या क्लबने ल्यों शहराच्या संघाला ३-० ने हरवले.

सिमाँची थोरवी समजायची तर १९०७ सालचे भांडण माहीत हवे. त्या काळी फ्रान्समध्ये खेळाच्या तीन-चार संघटना होत्या. प्रत्येकीची स्वतःची अजिंक्यपद स्पर्धा होती आणि एकीचे संघ दुसरीच्या संघांशी सहसा खेळत नसत. सिमाँ चर्चच्या युवक मंडळांच्या संघटनेतला. त्याने २३ मार्च १९०७ ला या संघटनांची एक आंतरसंघीय समिती उभी केली आणि तिचा सरचिटणीस झाला. सर्वांत बलाढ्य संघटना तेव्हा बाहेरच राहिली. मात्र १९०८ मध्ये ती फिफातून बाहेर पडली, तिची जागा या समितीला मिळाली, आणि १९१३ मध्ये तिलाही समितीत यावे लागले. सगळे क्लब एका स्पर्धेत येतील अशी स्थिती निर्माण झाली आणि पुढच्याच वर्षी युद्ध पेटले. नंतरचे काम सिमाँचा सहकारी आंरी दलोने याने तडीस नेले. युरो स्पर्धेच्या करंडकाला ज्याचे नाव आहे तोच हा. समितीचा ७ एप्रिल १९१९ ला फ्रेंच फुटबॉल महासंघ झाला.

निघण्याआधी घरी बसून एक काम उरकावे. फ्रेंच संरक्षण मंत्रालयाचे 'मेम्वार देझोम' हे संकेतस्थळ मोफत आहे. त्यात पहिल्या महायुद्धात देशासाठी मेलेल्यांच्या तेरा लाखांहून अधिक नोंदपत्रांची छायाचित्रे आहेत. पत्रावर नाव, हुद्दा, रेजिमेंट, क्रमांक, जन्म, मृत्यूची तारीख आणि ठिकाण असते. सिमाँ हे फ्रान्समधले फार प्रचलित आडनाव आणि शार्लही तसेच. त्यामुळे नुसत्या नावाने शोधले की यादी लांबतच जाते. प्रत्येक पत्र उघडून मृत्यूची तारीख आणि गाव ताडून पाहण्याला पर्याय नाही. गावाच्या नावाचे स्पेलिंग कारकुनागणिक बदलते, म्हणून तारखेवर अधिक भरवसा ठेवावा. रेजिमेंटचा आकडा मिळाला की त्याच संकेतस्थळावर तिची युद्धदैनंदिनी उघडते. तारीखवार नोंदी आणि कधीकधी हाताने काढलेले खंदकांचे नकाशे त्यात असतात. त्या दिवसाची पाने मोबाइलमध्ये उतरवून घ्या. शेतात उभे राहिल्यावर तीच कामी येतात.

पॅरिसमध्ये या विषयाला अर्धा दिवस खूप झाला. पहिला अंतिम सामना पंधराव्या विभागातल्या ऑलिव्हिये-द-सेर रस्त्यावरच्या मैदानावर झाला. मेट्रोच्या १२ क्रमांकाच्या मार्गावर कोंव्हांस्यों किंवा पोर्त द व्हर्साय स्थानकावर उतरायचे. मैदान आता नाही, सगळी घरे आहेत. वाट वाकडी करण्याइतके तिथे काही नाही.

खरा प्रवास आरासपासून सुरू होतो. पॅरिसच्या गार द्यु नॉर स्थानकावरून टीजीव्हीने आरासला साधारण ५० मिनिटे लागतात. तिकीट लवकर काढले तर बरेच स्वस्त पडते. आरासहून एकुरी सुमारे ५ किलोमीटर. सायकल उत्तम, मोटार सोपी. बसवर विसंबायचे असेल तर रविवारचे वेळापत्रक आधी पाहावे, कारण खेड्यांकडच्या फेऱ्या त्या दिवशी फार कमी असतात. फ्रेंचमध्ये 'एकुरी' म्हणजे घोड्यांचा तबेला. मोबाइलच्या नकाशात नुसते एकुरी टाकले की आसपासच्या घोडेस्वारीच्या शाळा समोर येतात आणि माणूस भलत्याच फाट्याला लागतो. सोबत पा-द-काले हे जिल्ह्याचे नाव टाकायचेच. पाणी आणि खाणे आरासमध्येच घ्यावे.

एकुरीत पाहण्यासारखी इमारत नाही. पाहायची ती जमीन. एकुरी आणि नोव्हिल-सँ-व्हा यांच्या मधल्या शेतांत जर्मनांनी खंदक, भुयारे आणि काटेरी तारांचे असे जाळे विणले होते की सैनिक त्याला 'लाबिरँत', म्हणजे भूलभुलैया, म्हणत. ९ मे १९१५ ला सुरू झालेल्या आर्त्वाच्या दुसऱ्या लढाईत फ्रेंचांनी विमी टेकडीकडे मुसंडी मारली, पण हा भूलभुलैया बगलेत तसाच राहिला. मे अखेरपासून तो हातबॉम्बच्या लढाईने एकेक खंदक करून घ्यावा लागला. पुढचा सार्वत्रिक हल्ला १६ जूनला होता. सिमाँ आदल्या दिवशी पडला.

आज तिथे शेती आहे. खंदकाची एक रेघही दिसत नाही, आणि ती शोधायला शेतात उतरू नये. जमीन खासगी आहे आणि नांगरणीनंतर अजूनही जिवंत तोफगोळे वर येतात. गंजलेला लोखंडी तुकडा दिसला तर हात लावायचा नाही, पायाने ढकलायचाही नाही. जागा लक्षात ठेवून ११२ ला फोन करायचा. पाऊस पडून गेला असेल तर इथली चिकणमाती बुटाला थरावर थर चिकटते, म्हणून बांधापेक्षा डांबरी रस्ता बरा.

एकुरीहून पश्चिमेला येऊन डी ९३७ हा आरास-बेथ्युन रस्ता पकडावा. मालमोटारींची वर्दळ असते, सायकलवाल्यांनी कडेने जावे. ला तार्जेत या वस्तीच्या अलीकडे मेझों ब्लांश ही जर्मन दफनभूमी लागते. फ्रान्समधली ही सर्वांत मोठी जर्मन दफनभूमी, ४४,८३३ सैनिकांची. धातूच्या एकेका क्रुसावर चार-चार नावे आहेत, पुढे दोन, मागे दोन. घाईत पुढचीच वाचून लोक परततात. ला तार्जेतच्या फ्रेंच आणि ब्रिटिश दफनभूम्या शेजारी शेजारी आहेत. दोन्ही मिळून पाऊण तास ठेवावा.

पुढे सुशे गाव आणि तिथून १६५ मीटर उंचीची नोत्र-दाम-द-लोरेतची टेकडी. सायकलने शेवटचा चढ दमवतो. वर वारा इतका असतो की उन्हाळ्यातही जॅकेट लागते. इथे चाळीस हजारांहून अधिक फ्रेंच सैनिक पुरलेले आहेत. निम्म्यांना स्वतःची कबर आहे, उरलेले सामूहिक अस्थिकक्षांत. समोरच रस्त्यापलीकडे २०१४ साली उघडलेले 'स्मृतीचे कडे' हे कंकणाकृती स्मारक आहे. फिलिप प्रोस्त या वास्तुविशारदाने बांधलेल्या या कड्याचा ६० मीटरचा भाग उतारावर अधांतरी ठेवला आहे, शांतता किती नाजूक असते ते सांगायला. आत ३ मीटर उंचीचे ५०० धातूचे फलक आणि त्यांवर ५,७९,६०६ नावे. पा-द-काले आणि नॉर या जिल्ह्यांत मेलेले सगळे सैनिक, मित्र आणि शत्रू, आडनावाच्या अकारविल्हे. हुद्दा नाही, देश नाही, रेजिमेंट नाही, तारीख नाही.

आपली अडचण इथेच येते. सिमाँ आडनावाच्या रांगेपुढे उभे राहिले की यातला आपला कोण हे फलक सांगत नाही. घरून आणलेले नोंदपत्र हातात असले, तरी सारख्या नावांतले एक नक्की ठरवता येईलच असे नाही. मला तर ती रांगच महत्त्वाची वाटते. संघटनांच्या भिंती पाडण्यात ज्याने आयुष्य घालवले त्याचे नाव कोणत्याही भिंतीशिवाय इतरांत मिसळलेले आहे. फोटो सकाळी लवकर किंवा संध्याकाळी घ्यावा. दुपारी फलक चकाकतात आणि अक्षरे उडतात. बंद होण्याची वेळ ऋतूप्रमाणे बदलते, ती आदल्या दिवशी पाहून घ्यावी. सुशेतले इतिहासकेंद्र आधी पाहून मग टेकडी चढली तर लढाईचा नकाशा डोक्यात पक्का बसतो.

याच फलकांवर भारतीय नावेही आहेत. महाराष्ट्रातून जाणाऱ्याने म्हणून आणखी एक दिवस काढावा आणि उत्तरेला सुमारे २५ किलोमीटरवरचे नव्ह-शापेल गाठावे. २८ ऑक्टोबर १९१४ ला या गावावर ४७ व्या शीख पलटणीबरोबर जे चालून गेले, त्यांत खडकीच्या बॉम्बे सॅपर्सच्या, तेव्हाच्या तिसऱ्या सॅपर्स अँड मायनर्सच्या, २० आणि २१ क्रमांकांच्या कंपन्या होत्या. पूल आणि खंदक बांधणारी ही माणसे त्या दिवशी पायदळ म्हणून लढली, गल्लीबोळांत शिरली, आणि फार मोठी हानी सोसून मागे आली. ला बासेहून एस्तेरकडे जाणाऱ्या रस्त्यावर ला बोंब नावाच्या चौकात भारतीय स्मारक आहे. कबर न सापडलेल्या ४,७०० हून अधिक जणांची नावे त्यावर आहेत, पलटणवार कोरलेली. त्यामुळे आधी पलटणीचे नाव शोधायचे, मग माणसाचे. राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाच्या संकेतस्थळावर पुष्कळ नोंदींत वडिलांचे नाव आणि गावही मिळते. मराठी नावांची इंग्रजी स्पेलिंगे त्या काळच्या कारकुनांनी ऐकून लिहिली आहेत, तेव्हा एकाच नावाची तीन-चार रूपे टाकून पाहावीत.

मोसमाबद्दल आमचे मत ठाम आहे. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्येच जावे. त्या दिवसांत कूप द फ्रान्सच्या प्रादेशिक फेऱ्या चालू असतात. दरवर्षी सात हजारांहून अधिक क्लब उतरतात आणि पहिल्या फेऱ्यांत गावोगावचे हौशी संघ एकमेकांशी भिडतात. मोठे क्लब फार उशिरा येतात. ओ-द-फ्रान्स विभागाच्या फुटबॉल लीगच्या संकेतस्थळावर सामन्यांची यादी मिळते. आरास किंवा लाँसच्या आसपासचा रविवारचा सामना निवडावा. तिकीट असलेच तर थोडक्या युरोंचे, म्हणून सुटे पैसे खिशात ठेवावेत. कृत्रिम दिव्यांची सोय नसलेली मैदाने पुष्कळ असल्याने सामने दुपारी असतात. सकाळी एकुरी, दुपारी सामना असे एका दिवसात आरामात बसते.