सहा सीटर हवी होती, हे कळायला पाच चकरा

गाडी दारात येऊन आठ महिने झाले, तरी त्या शोरूमवरून जाताना अजून डोकं तापतं.

२०२४ च्या दिवाळीआधी आम्ही तीन रांगांची गाडी शोधायला लागलो. घरात सहा माणसं: आम्ही दोघं, सासू-सासरे, थोरली मुलगी आणि साडेतीन वर्षांचा धाकटा. यादीत अल्काझार, सफारी, एक्सयूव्ही७०० आणि कॅरेन्स होत्या. त्यातली कोणती घेतली ते लिहीत नाही, कारण माझा राग गाडीवर नाही, ती विकणाऱ्यांवर आहे. व्हेरियंटच्या, म्हणजे एकाच गाडीच्या कमी-जास्त सोयींच्या प्रकारांच्या, नावांनीच पहिला गोंधळ केला. एक्सयूव्ही७००चे एएक्स३, एएक्स५, एएक्स७ निदान आकड्यांवरून लावता येतात, पण सफारीत 'स्मार्ट' वर की 'प्युअर', हे नावावरून कसं कळणार? (प्युअर वर.)

मधलं व्हेरियंट घ्यायचं ठरलं. पण शोरूममध्ये उभी असलेली आणि टेस्ट ड्राइव्हला दिलेली, दोन्ही गाड्या टॉप मॉडेल. "ताई, मधल्यात सगळं सेमच आहे, फक्त सनरूफ आणि मोठी स्क्रीन नाही," असं सेल्सच्या मुलाने तीन वेळा सांगितलं. मागच्या रांगेला एसी आहे का, मधली सीट कशी दुमडते, हे विचारलं की तो ब्रोशर पुढे करायचा. त्यात नुसते काळे ठिपके. चौथ्या फेरीला सासूबाईंना नेलं. टॉप मॉडेलमध्ये मधे दोन सुट्या कॅप्टन सीट होत्या. त्यांच्यामधून त्या मागे जाऊन बसल्यासुद्धा. आम्ही टोकन भरणारच होतो.

मीच अडून बसले. जे पैसे देऊन घेणार तेच बघायचं. पाचव्या फेरीला त्यांनी नाइलाजाने शहराबाहेरच्या स्टॉकयार्डात नेलं. गाडीवर बोटभर धूळ, सीटवर प्लॅस्टिक, आणि मधल्या रांगेत सलग बाकडं! मी धाकट्याची सीट बरोबर नेली होती. आयसोफिक्सचे, म्हणजे मुलांची सीट गाडीला पक्की अडकवायचे, हूक मधल्याच रांगेत असल्याने त्याला मागे बसवता येत नाही. सासरे उंच, म्हणून मागे सासूबाई आणि थोरली. फुटपाथकडच्या बाजूला ती सीट अडकवली, तर मागे जायला जी दुमडावी लागते ती खालची सीट दुमडेना. उरली रस्त्याकडची बाजू. तिथून सासूबाईंनी एक पाय आत टाकला, दाराच्या वरची कडी धरली आणि तशाच थांबल्या. "अगं, गुडघा वळतच नाही माझा इथं."

मग मॅनेजर शांतपणे म्हणाला, "मॅडम, कॅप्टन सीट वरच्या दोन व्हेरियंटमध्येच येतात."

हे एक वाक्य पहिल्याच दिवशी सांगायला काय हरकत होती? मी पहिल्याच दिवशी सहाही माणसं सांगितली होती!

शेवटी दुसऱ्या डीलरकडून वरचं व्हेरियंट, सहा सीटर घेतलं. एक्स-शोरूम, म्हणजे रोड टॅक्स आणि विमा धरण्याआधीचा, फरक दीड लाखाचा, पण १० ते २० लाखांच्या डिझेल गाडीला महाराष्ट्रात तेव्हा १४ टक्के रोड टॅक्स होता, म्हणजे त्या दीड लाखावर आणखी २१ हजार आणि वर वाढीव विमा. व्हेरियंटची तुलना नेहमी ऑन-रोड किमतीवरच करा. विमा शोरूमचाच घ्यायची सक्ती नसते, बाहेरचे दर काढा. १ टक्का टीसीएस (विकणाऱ्याने आगाऊ घेतलेला आयकर) लावतात तो रिटर्न भरताना वळता होतो, पावती जपून ठेवा.

आणि हो, हे आधीच लिहायला हवं होतं: मागची रांग उभी असताना डिकीत किती मावतं ते बघा. अल्काझारमध्ये १८० लिटर, कॅरेन्समध्ये २१६. घरच्या बॅगा नेऊन ठेवून बघा, मी नेल्या होत्या. पार्किंगही टेपने मोजा, एक्सयूव्ही७०० जवळजवळ ४.७ मीटर लांब आहे.

परवा नाशिकहून पुण्याला निघालो. धाकटा त्याच्या सीटवर बांधलेला, सासरे शेजारच्या सीटवर. सासूबाई पदर सावरत दोघांच्या मधून सरळ मागे गेल्या. कुणाला उठवावं लागलं नाही.