भिंतीवरचा आभाराचा कागद

संक्रांत झाली की येणाऱ्या रविवारी आमच्या सुलेखन मंडळाचा मेळावा असतो. नागपूरच्या धंतोलीतल्या एका शाळेचा हॉल, अंगावर स्वेटर, शाईचे जुने डाग मिरवणाऱ्या सतरंज्या. दीपप्रज्वलन, स्वागत, अहवाल हे सगळं रीतसर होतं. मी खजिनदार, त्यामुळे जमाखर्च वाचते आणि कोणी ऐकत नाही. असो.

हजेरीबद्दल मात्र बोलणार. यंदा 60 खुर्च्या आणल्या आणि साडेदहाला माणसं मोजली, तर 23. जामठ्याला मॅच नव्हती, कुणाचं लग्नही नव्हतं. साडेबाराला सांबारवडीचा वास सुटला आणि हॉल गच्च. "अजी, आम्ही सकाळपासून मागेच बसलो होतो नं" असं सांगणाऱ्या एका सदस्यांना मी एवढंच म्हटलं, "भाऊ, मागच्या दोन रांगा तर अकरापर्यंत घडी करून भिंतीला टेकवल्या होत्या."

उशिरा येणाऱ्यांचं सरांचं भाषण बुडतं. आमचे सर इतिहासाचे निवृत्त शिक्षक. भाषण दरवर्षी तेच, अगदी खोकलासुद्धा त्याच जागी. ते फळ्यावर ब्राह्मीतली, म्हणजे अशोकाच्या काळच्या लिपीतली, दोन अक्षरं काढतात. दुसरं सोपं आहे, आडव्या रेघेवर एक उभी काडी आणि शेजारी ठिपका. मग पोरांकडे वळतात. "सांचीच्या कठड्यांवर बारक्या बारक्या ओळी कोरल्यात. कितीतरी ओळींच्या शेवटी हीच दोन अक्षरं. काय लिहिलं असेल?" पोरं सुरू होतात, राजाचं नाव, देवाचं नाव, "समाप्त!" सर मान हलवत राहतात. यंदा पहिल्या रांगेतली एक चौथीतली मुलगी म्हणाली, "कोणी काय दिलं ते असंल." सरांनी खडू खाली ठेवला.

1837 साली कलकत्त्याच्या टांकसाळीतल्या जेम्स प्रिन्सेपनं हाच तर्क केला होता. स्तूपाच्या कठड्यावर माणसं काय कोरून ठेवतील? आपण दिलेलं दान. 'दानं.' तेवढ्यावरून द, न आणि अनुस्वार हाती लागले, आणि पुढे अशोकाच्या आज्ञा वाचता आल्या. "राजाचं कुलूप दगड देणाऱ्या साध्या माणसांनी उघडलं," असं सर म्हणतात, आणि लगेच आपल्या पवनीवर येतात. भंडारा जिल्ह्यातल्या त्या स्तूपाच्या दगडांवरही अशीच दान देणाऱ्यांची नावं आहेत. इथे त्यांचा आवाज बसतो. मला कळत असतं की आता बसणार, तरी पदर डोळ्यांना जातोच.

मग बोरू हातात. देवनागरीच्या सवयीनं तिरपा छाटलेला बोरू ब्राह्मीला चालत नाही. अशोककालीन अक्षराची रेघ सगळीकडून सारख्या जाडीची, डोक्यावर शिरोरेषा नाही. तिरप्या टोकानं काडी एकीकडे जाड, एकीकडे बारीक होते. विदर्भातल्या जुन्या वाकाटक राजांची लिपी काढायची तर आणखी वेगळी कसरत, प्रत्येक अक्षराच्या माथ्यावर चिमुकली पेटी. दोन वर्षांपूर्वी मुलांना अजबबंगल्यात, म्हणजे नागपूरच्या संग्रहालयात, देवटेकचा शिलालेख बघायला नेलं होतं. एकाच दगडावर आधी मौर्यकाळाच्या सुमाराचा लेख आणि नंतर वाकाटक रुद्रसेनाचा. एका पोरानं विचारलं, "जुनं पुसून का नाही लिहिलं?" सरांना त्या दिवशी उत्तर सुचलं नाही. त्यांनी ते मोकळेपणानं कबूल केलं, हे मला त्यांच्या भाषणाइतकंच आवडलं.

दुपारी मोडीवाल्या काकू लोकांच्या घरचे कागद वाचून देतात. मोडीत शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, त्यामुळे काकू ओठांतल्या ओठांत पुटपुटत वाट काढतात. काटोलकडच्या एका कुटुंबानं देवघरात पुजलेला कागद आणला होता. निघाली बैलजोडीच्या उधारीची पावती. मालक क्षणभर गप्प, मग म्हणाले, "फिटली असंल बाप्पा, इतकी वर्षं हळदकुंकू वाहिलं तिला."

आता आभार. आम्ही ते सांचीच्या चालीवर भिंतीवरच्या कागदावर लिहितो: चहावाल्या दादांचं दान, दोन किटल्या. सतरंज्या देणाऱ्या शाळेच्या शिपाईकाकांचं दान. माइक सांभाळणाऱ्या पोराचं, सांबारवडी तळणाऱ्या तिघी वहिनींचं, तिळगुळाचं, संत्राबर्फीचं, फळा पुसणाऱ्या जुळ्यांचं, पाण्याचे कॅन तीन जिने वर आणणाऱ्या ऑटोवाल्या भाऊंचं, चपला सरळ लावणाऱ्या आजींचं, शाईच्या दौती धुऊन ठेवणाऱ्या माझ्या भाचीचं. इथे नावं मुद्दाम घालत नाही. गेल्या वर्षी घातली होती, आणि बोरू छाटून देणाऱ्या काकांचंच नाव सुटलं. चाळीस बोरू, सगळे त्यांच्या हातचे. ते काही बोलले नाहीत, पण त्यानंतर वर्षभर माझा फोनही उचलला नाही.

यंदा मात्र पिशवी घेऊन आले आणि शेवटच्या रांगेत बसले. मी सगळ्यांदेखत कागदावर अगदी वर लिहिलं, 'बोरूवाल्या काकांचं', आणि पुढे ब्राह्मीत 'दानं'. ते उठून जवळ आले, चष्मा वर करून बराच वेळ बघत राहिले.

"न ची काडी तिरपी झाली, ताई," म्हणाले, आणि खिशातून चाकू काढून माझा बोरू नव्यानं छाटायला बसले.