पावसात रेडिओ कुठे अडतो

महापालिकेने डिजिटल ट्रंक रेडिओ (सगळ्या खात्यांची सामायिक वॉकीटॉकी यंत्रणा) घ्यायचा म्हटलं की चर्चा हँडसेटच्या किमतीवर आणि टॉवरच्या आकड्यावर अडकते. ऐन पावसात यंत्रणा चालेल का, हे मात्र टॉकग्रुपच्या, म्हणजे कुणी कुणाशी बोलायचं त्या गटांच्या, आखणीवर ठरतं, आणि ती घाईघाईत शेवटी उरकली जाते.

टेट्रा या ट्रंक रेडिओच्या मानकाचं गणित बघा. 25 किलोहर्ट्झच्या एका कॅरिअरमध्ये (रेडिओ वाहिनीत) 4 स्लॉट, म्हणजे बोलण्याच्या चार जागा. साइटवर, म्हणजे एका टॉवरवर, दोन कॅरिअर असतील तर 8, त्यातला एक यंत्रणेच्या स्वतःच्या कंट्रोल संदेशांना. बोलायला उरले 7. ते कुणा एका खात्याचे नसतात. बटण दाबलं की मोकळा असेल तो मिळतो. पण ग्रुपचा एक जरी माणूस साइटवर नोंदलेला असला, तरी त्या ग्रुपचं बोलणं तिथला एक स्लॉट धरतं. मुंबईत परळजवळच्या हिंदमाताला पाणी भरलं की अग्निशमन, पंपवाले, वाहतूक पोलीस, वॉर्डाची माणसं, रुग्णवाहिका सगळे एकाच साइटखाली येतात. त्यात कुणी शहरभराचा ग्रुप लावून ठेवला, तर बोरिवलीतलं बोलणं परळचा स्लॉट खातं. आठवा ग्रुप रांगेत. म्हणून रोजचे ग्रुप वॉर्डापुरते ठेवा, दोन-तीन ग्रुप दुर्घटनेसाठी राखून ठेवा, शहरभराचा ग्रुप फक्त नियंत्रण कक्षाकडे द्या. आणीबाणीच्या बटणाला रांग मोडण्याचा हक्क प्रोग्रामिंगमध्ये आहे ना, हे प्रत्येक हँडसेटवर दाबून तपासा.

26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिमी पाऊस पडला. अशा शहरात साइटचा जनरेटर तळमजल्यावर ठेवू नये. साइटची मुख्य स्विचशी, म्हणजे सगळ्या साइट जोडणाऱ्या केंद्राशी, जोडणी तुटली की ती एकटी चालते: तिथली माणसं आपसांत बोलतात, नियंत्रण कक्षाला काहीच ऐकू येत नाही. हँडसेटवर तशी खूण उमटते. ती ओळखायला शिपायापर्यंत सगळ्यांना शिकवा.

तळघरातल्या पार्किंगमध्ये धोका वेगळा. ॲनालॉगवर खरखर वाढली की रेंज जातेय हे कळायचं. डिजिटलमध्ये आवाज बराच वेळ स्वच्छ असतो आणि मग एकदम गुल होतो. उतरण्याआधीच डायरेक्ट मोडवर (टॉवरशिवाय हँडसेट ते हँडसेट) जा आणि वर गेटवे असलेली, म्हणजे ते बोलणं टॉवरच्या जाळ्याशी जोडणारी, गाडी उभी करा.

बटण दाबल्यावर टोन येईपर्यंत थांबा, नाहीतर ‘तिसऱ्या मजल्यावर’मधला ‘तिसऱ्या’ कापला जातो. सोडायचीही घाई नको. मराठीत नकार वाक्याच्या शेवटी येतो. बटण लवकर सुटलं तर ‘आत जाऊ नका’मधला ‘नका’च पोचत नाही.